प्रारूप विकास योजनेवर हरकत नोंदवताना : तयारीपासून मंजुरीपर्यंतचा क्रम

विकास योजनेचा प्रारूप नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लागला की पहिले काही दिवस गर्दी नकाशाभोवती असते आणि शेवटचे दोन दिवस ती झेरॉक्सच्या दुकानात असते. या दोन गर्दींच्या मधले तीन आठवडे वाया जातात, आणि हरकत फेटाळली जाण्याचे कारण बहुधा त्याच तीन आठवड्यांत दडलेले असते. शहराची पुढची सुमारे वीस वर्षे कशी वाढणार, कोणती शेतजमीन रहिवासी होणार, रस्ता कोणाच्या बांधावरून जाणार, शाळेची आणि मैदानाची जागा कुठे राखली जाणार हे या नकाशावर ठरते. सामान्य माणसाला त्यात बोलण्याची कायदेशीर संधी मिळते ती मोजक्याच दिवसांची. म्हणून हा लेख महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखालील हरकतींचा क्रम सांगण्यापुरता ठेवला आहे. प्रादेशिक योजनेची कलमे आणि मुदती वेगळ्या आहेत, परंतु कागदपत्रांची तयारी आणि मांडणी तिथेही हीच उपयोगी पडते.

१. प्रारूप येण्यापूर्वी करायची कामे

विकास योजनेची सुरुवात नकाशापासून होत नाही. कलम २३ नुसार नियोजन प्राधिकरण, म्हणजे आपली नगरपरिषद, महानगरपालिका किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, योजना तयार करण्याचा इरादा राजपत्रात जाहीर करते. त्यानंतर कलम २५ नुसार सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. आज कुठे घरे आहेत, कुठे शेती, कुठे ओढा, कुठे विहीर, कुठे शाळा याची ती नोंद असते, आणि पुढची प्रत्येक रेषा याच नोंदीवर ओढली जाते. इथे आपले राहते घर 'मोकळी जागा' म्हणून दाखवले गेले, तर दोन वर्षांनी त्यावर उद्यानाचे आरक्षण आल्यास नवल नाही.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या योजनेचे उदाहरण लक्षात ठेवावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते आणि वारसा वास्तूंच्या नोंदी सुटल्या होत्या. दोन महिन्यांत शासनाला ते प्रारूप बाजूला ठेवून दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले आणि सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. मुंबईइतका आवाज लहान गावाला उठवता येत नाही. लहान गावात अशी चूक आधीच्या टप्प्यावर पकडावी लागते.

इरादा जाहीर झाल्यापासून पुढील कागद एका फाइलमध्ये लावावेत : चालू सातबारा व आठ-अ, नगर भूमापन हद्दीत असल्यास मालमत्ता पत्रक, फेरफार नोंदी, मोजणीची 'क' प्रत, गाव नकाशा किंवा गट नकाशा, अकृषिक परवानगी असल्यास तो आदेश, मंजूर रेखांकन व बांधकाम परवानगी, घरपट्टीची पावती. मोजणी झालेली नसेल तर अर्ज आत्ताच भूमि अभिलेख कार्यालयात द्यावा. प्रारूप आल्यावर दिलेला मोजणीचा अर्ज हरकतीच्या मुदतीत पूर्ण होईल, या भरवशावर राहू नये.

*तपासणी :* सध्याच्या जमीन वापराच्या नकाशात आपल्या जमिनीची नोंद काय आहे, हे प्राधिकरणाच्या नगररचना विभागात जाऊन पाहावे. नकाशा दाखवला जात नसेल तर माहितीच्या अधिकारात प्रत मागावी. नोंद चुकीची असेल तर त्याच वेळी लेखी कळवून पोच घ्यावी. ही पोच पुढे सुनावणीत फार कामाला येते.

२. मुदतीचा हिशेब

कलम २६ नुसार प्रारूप प्रसिद्ध झाल्याची सूचना राजपत्रात येते आणि हरकतींची मुदत राजपत्रातील सूचनेच्या तारखेपासून मोजली जाते. ही मुदत साधारणपणे तीस दिवसांची असते. बृहन्मुंबईसाठी साठ दिवसांची तरतूद आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात चार-पाच दिवस उशिरा आली म्हणून मुदत तितकी पुढे सरकत नाही, आणि नेमकी हीच गल्लत दरवेळी होते. जाहिरातीचे कात्रण पाहून लोक तिसाव्या दिवशी कार्यालयात पोहोचतात आणि तोवर मुदत संपलेली असते. राजपत्राची प्रत शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढावी, सूचनेत लिहिलेली मुदत हीच प्रमाण मानावी आणि शेवटचा दिवस सुट्टीचा येतो का ते पाहावे.

तीस दिवस असे वाटावेत : पहिला आठवडा नकाशे व अहवाल मिळवून वाचण्यासाठी, दुसरा जमीन नकाशावर बसवण्यासाठी, तिसरा लिखाणासाठी, आणि चौथा आठवडा सुरू होताच अर्ज दाखल करण्यासाठी. उरलेले दिवस पूरक कागद जोडण्यासाठी हाताशी ठेवावेत.

*सावधान :* 'मुदतवाढ मिळणार आहे' ही बातमी जवळपास प्रत्येक शहरात फिरते. लेखी आदेश हाती येईपर्यंत तिच्यावर एक दिवसही सोडू नये.

३. केवळ नकाशा पाहू नये, अहवालही वाचावा

भिंतीवरचा रंगीत नकाशा हा योजनेचा एक भाग झाला. सोबत विकास योजना अहवाल असतो आणि विकास नियंत्रण नियमावली लागू असते. राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे, मुंबईला वेगळी. अहवाल विकत मिळतो किंवा संकेतस्थळावर असतो, तरी हरकत घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो उघडतात, याचे मला दर वेळी वाईट वाटते. लोकसंख्येचा अंदाज किती धरला, त्या लोकसंख्येला किती शाळा, किती दवाखाने, किती मैदाने लागतात, प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे योजनेसाठी पाडलेल्या शहराच्या प्रत्येक विभागात, आधीपासून किती आहेत आणि नवीन किती राखली, याचे तक्ते त्या अहवालात असतात. आपल्या आरक्षणाविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा बहुधा याच तक्त्यांत सापडतो.

वाचताना तीन गोष्टी टिपून घ्याव्यात : आपल्या जमिनीवरील आरक्षणाचा क्रमांक व प्रयोजन, त्याचे समुचित प्राधिकरण म्हणजे जमीन संपादन करणारी संस्था कोणती, आणि त्याच सेक्टरमध्ये त्याच प्रयोजनाच्या आणखी किती जागा दाखवल्या आहेत.

४. आपली जमीन नकाशावर बसवणे

हे सर्वांत किचकट काम आहे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून त्याला हवा तेवढा वेळ द्यावा.

आधी प्रमाण पाहावे. नकाशा १:५००० प्रमाणाचा असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीची शाईची रेघ अडीच मीटर जागा व्यापते. नकाशा १:१०,००० चा असेल तर बारा मीटरचा रस्ता कागदावर जेमतेम सव्वा मिलिमीटर दिसतो. मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून 'रस्ता माझ्या विहिरीवरून जातो' असे ठामपणे लिहिणारे अर्ज येतात, आणि सुनावणीत मोजपट्टी लावल्यावर विहीर रस्त्यापासून पंधरा मीटर लांब निघते. पुढचे खरे मुद्देही मग कोणी गांभीर्याने घेत नाही.

योग्य पद्धत अशी आहे. प्राधिकरणाकडून आपल्या भागाचा भाग नकाशा, शक्यतो मोठ्या प्रमाणावरचा, शुल्क भरून घ्यावा. भूमि अभिलेखाकडील गट नकाशा वेगळ्या प्रमाणावर असतो, त्यामुळे तो तसाच वर ठेवून जुळत नाही. आधी दोन्ही एका प्रमाणावर आणावे लागतात. मग दोन्ही नकाशांत निश्चित ओळखू येणारे किमान तीन बिंदू शोधावेत : शिवेचा दगड, ओढ्यावरचा जुना पूल, गावठाणाचा कोपरा असे, जे वर्षानुवर्षे जागचे हललेले नाहीत. ट्रेसिंग पेपर खिडकीच्या काचेवर धरून हे तीन बिंदू जुळवले की आपल्या गटाची हद्द नकाशावर कुठे येते ते स्पष्ट दिसते. दोनच बिंदू जुळवले तर कागद फिरतो आणि हद्द सरकते. तिसरा बिंदू त्यासाठीच हवा. मोजणीदार किंवा नगररचनाकाराकडून हे काम संगणकावर करून घेता आले तर उत्तम. संकेतस्थळावरील भूनकाशा चाचपणीला ठीक आहे, पुरावा म्हणून जोडायची मोजणीची प्रमाणित प्रतच.

एक प्रसंग सांगतो. एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीतील शेतकऱ्याची हरकत मी तपासायला घेतली होती. त्यांच्या आजोबांच्या वेळचा गट ११२, वाटपानंतर त्याचे ११२/१, ११२/२/अ आणि ११२/२/ब असे हिस्से झालेले. अर्जात मात्र सवयीने केवळ ११२ लिहिलेले होते आणि सातबारा जोडला होता ११२/१ चा, जो भावाच्या नावे होता. आरक्षण पडले होते ११२/२/ब वर. तो अर्ज तसाच गेला असता तर 'अर्जदाराची जमीन बाधित नाही' एवढा एकच शेरा त्यावर पडला असता, आणि तो शेरा चुकीचाही ठरला नसता. त्या दिवशी तहसीलमध्ये जाऊन योग्य हिस्स्याचा उतारा आणायला त्यांना तीन तास लागले. तेवढ्या तीन तासांनी त्यांची हरकत सुनावणीपर्यंत पोहोचली.

*तपासणी :* क्षेत्र लिहिताना एकच एकक वापरावे. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर. एकरभर जमिनीत ही तफावत सुमारे अर्ध्या आरची होते. सातबारावरील हेक्टर-आर आणि शेजारी चौरस मीटर, एवढेच पुरे.

५. मुद्दा ठरवणे

'माझी उपजीविका या जमिनीवर आहे' हे वाक्य खरे असते आणि ते लिहिण्यात काहीच गैर नाही. परंतु हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीसमोर जो प्रश्न असतो तो वेगळा : हे मैदान इथून हलवले तर या सेक्टरमधल्या मुलांनी कुठे खेळायचे? या प्रश्नाचे उत्तर ज्या अर्जात असते तो अर्ज टिकतो. म्हणून प्रत्येक हरकतीत मागणीसोबत पर्याय असावा.

मागणी कोणत्या प्रकारची आहे ते आधी ठरवावे, कारण पुरावा त्याप्रमाणे बदलतो. नोंदीची चूक असेल, म्हणजे मंजूर रेखांकनावर किंवा अधिकृत इमारतीवर आरक्षण पडले असेल, तर परवानगीचा आदेश आणि मंजूर नकाशा एवढे पुष्कळ होते. तिथे भावनिक मजकूर घालून मुद्दा पातळ करू नये. आरक्षण हलवायचे असेल तर पर्यायी जागेचा गट क्रमांक, तिची मालकी, तिला रस्ता आहे का, आणि ती त्याच सेक्टरमध्ये आहे का हे लिहावे. पर्याय म्हणून गायरान सुचवण्याची पद्धत सर्रास आहे, मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरानाच्या वापरावर कडक बंधने आली आहेत, त्यामुळे हा पर्याय जपून आणि कारणासह मांडावा.

रस्त्याच्या रेषेबद्दलची हरकत सर्वांत अवघड. रस्ता म्हणजे एक सलग रेषा असते. ती मधूनच तोडता येत नाही. आपल्या शेतातून रेषा काढून टाका असे म्हणताना तिची दोन्ही टोके कुठे मिळतात, वळण किती तीव्र होते, नवीन रेषा कोणाच्या जमिनीवर येते, हे नकाशावर काढून दाखवावे लागते. शक्य तिथे दोन गटांच्या सामाईक बांधावरून रेषा सुचवावी म्हणजे भार वाटला जातो, आणि त्या शेजाऱ्याशी आधी बोलावे. कायद्याच्या कलम २२-अ नुसार पूर्वी बाधित नसलेली जमीन नव्याने रस्त्यात किंवा आरक्षणात घेणे हा 'सारभूत' स्वरूपाचा बदल ठरतो आणि त्यासाठी त्या जमीनमालकाला हरकतीची संधी द्यावी लागते. शेजाऱ्याला अंधारात ठेवून सुचवलेला बदल पुढच्या फेरीत त्याच्याच हरकतीने अडतो, आणि गावात कायमचे वैर राहते ते वेगळेच.

झोन बदलाची मागणी, म्हणजे शेती विभागातून रहिवासी विभागात घेण्याची, करताना पाणीपुरवठा, पोहोच रस्ता आणि लगतचा विकास दाखवावा. केवळ 'शेजारचा गट रहिवासी झाला' एवढे पुरत नाही. याच्या उलट मागणीही करता येते. ओढ्याकाठची, टेकडीच्या उताराची, विहिरींची जमीन बांधकामासाठी खुली केली असेल तर ती हरित ठेवा असे कोणीही नागरिक म्हणू शकतो; त्यासाठी तिथे आपल्या नावाचा सातबारा लागत नाही. हरकत घेण्याचा हक्क कोणाही व्यक्तीला आहे, आणि शहराच्या वाढीची काळजी असणाऱ्यांनी हा हक्क अधिक वापरायला हवा. अशा वेळी फोटोवर तारीख, पावसाळ्यात पाणी कुठवर येते त्याची खूण आणि गट क्रमांक असावेत.

*सावधान :* पूररेषा नियोजन प्राधिकरण ठरवत नाही. निळी रेषा सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि ती आखण्याचे काम जलसंपदा विभागाचे. 'पूररेषा रद्द करा' ही मागणी इथे निष्फळ आहे. नकाशावर ती रेषा चुकीच्या जागी उतरवली गेली असेल तर जलसंपदा विभागाचा नकाशा जोडून तेवढी दुरुस्ती मागावी.

आरक्षण रद्द करण्याची मागणी करण्यापूर्वी आणखी एक हिशेब करावा. एकत्रिकृत नियमावलीत समावेशक आरक्षणाची तरतूद आहे : ठरावीक भाग किंवा बांधलेली सुविधा प्राधिकरणाला देऊन उरलेला भाग मालकाला विकसित करता येतो. मोबदला म्हणून विकास हक्क हस्तांतरणाचाही, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा, मार्ग असतो. काही वेळा पूर्ण रद्द करण्याच्या मागणीपेक्षा आरक्षणाचा आकार सरळ करून मागणे मालकाच्या अधिक हिताचे ठरते.

६. अर्ज लिहिणे

अर्ज दोन पानांचा असावा, जोडपत्रे कितीही. छापील नमुन्यावर शंभर जणांच्या सह्या घेतल्याने हरकतींची संख्या वाढते, पण त्यातला मुद्दा एकच मोजला जातो. त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या गटापुरते दहा वेगळे अर्ज द्यावेत. सामाईक जमीन असेल तर सर्व सहहिस्सेदारांच्या, बहिणींसह, सह्या घ्याव्यात; सोसायटी असेल तर ठरावाची प्रत जोडावी.

मागणीचा परिच्छेद असा नेमका हवा : 'मौजे अमुक येथील गट क्र. ११२/२/ब, क्षेत्र ०.४० हे. आर. (४,००० चौ.मी.) या आमच्या जमिनीवर आरक्षण क्र. अमुक, खेळाचे मैदान, प्रस्तावित आहे. योजना अहवालातील तक्त्याप्रमाणे या सेक्टरमध्ये मैदानाखालील क्षेत्र गरजेपेक्षा अधिक आहे. सबब सदर आरक्षण वगळावे. ते शक्य नसल्यास सोबतच्या नकाशात लाल रंगाने दाखविल्याप्रमाणे गटाच्या पूर्वेकडील रस्त्यालगतच्या भागापुरते मर्यादित करावे. या हरकतीवर प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.'

या नमुन्यातील दुसरी, पर्यायी मागणी कधीही गाळू नये. पहिली मागणी नाकारल्यावर समितीच्या हाती देण्यासारखे काहीतरी उरले पाहिजे. सुनावणीची विनंतीही स्वतंत्र वाक्यात लिहावी.

७. दाखल करणे

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. टपालाने पाठवल्यास पोचपावतीसह, आणि तो मुदतीत पोहोचेल अशा बेताने. नगरसेवकाकडे दिलेला किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कागद हरकत ठरत नाही.

८. सुनावणी

कलम २८ नुसार हरकती नियोजन समितीकडे जातात. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशी तिची रचना असते. सुनावणीची सूचना जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते आणि अर्जदार गैरहजर राहतो, असे वारंवार घडते. म्हणून अर्जावर चालू पत्ता व मोबाइल क्रमांक लिहावा आणि दर आठवड्याला कार्यालयातील सूचना फलक पाहावा.

बोलण्यासाठी काही मिनिटेच मिळतात. मूळ उतारे, रंगवलेला भाग नकाशा आणि एका पानाचा सारांश सोबत न्यावा. सुरुवात आरक्षण क्रमांक आणि मागणीने करावी, घराण्याच्या इतिहासाने नव्हे. दुसऱ्याला पाठवणार असाल तर अधिकारपत्र द्यावे. अर्जात नसलेला नवा मुद्दा सुचला तर तो लेखी स्वरूपात समितीला देऊन पोच घ्यावी, कारण अहवाल कागदावरून लिहिला जातो.

*सावधान :* निर्णय लागेपर्यंत आरक्षित जागेवर घाईने बांधकाम करू नये. कलम ४६ नुसार परवानगीचा विचार करताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचीही दखल घेतली जाते. विनापरवाना बांधकाम हरकतीला बळ देत नाही. ते हरकतदाराविरुद्धचा पुरावा बनते.

९. सुनावणीनंतर

बहुतेक जण इथे फाइल बंद करतात, आणि पुढचे दोन महत्त्वाचे टप्पे त्यांच्या हातून निसटतात. समितीच्या अहवालानंतर प्राधिकरण बदल करून ते जनतेच्या माहितीसाठी प्रसिद्ध करते आणि योजना शासनाकडे जाते. हा बदललेला नकाशा पुन्हा आपल्या ट्रेसिंगखाली ठेवून पाहावा. पहिल्या प्रारूपात ज्यांची जमीन मोकळी होती त्यांनी तर तो अवश्य पाहावा, कारण दुसऱ्याच्या हरकतीवरून हललेले आरक्षण त्यांच्याकडे आलेले असू शकते.

शासन कलम ३१ नुसार योजना मंजूर करताना स्वतःही सारभूत बदल सुचवू शकते. तो भाग तात्पुरता वगळून त्यावर राजपत्रात नव्याने हरकती मागवल्या जातात. कार्यालयात याला 'ईपी' (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणतात. पहिल्या हरकतीची पोच इथे आपोआप चालत नाही. नवा अर्ज, नवी मुदत, नवी पोच लागते. तो कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायचा हे त्या सूचनेतच लिहिलेले असते.

मंजुरीनंतर आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढून फाइलमध्ये लावावा आणि अंतिम योजना अमलात आल्याची तारीख पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावी. आरक्षण कायम राहिले असेल तर कलम १२७ ची दहा वर्षे याच तारखेपासून मोजायची असतात. त्या काळात जमीन संपादित झाली नाही तर मालक संपादनाची नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही नोटीस मालकी हक्काच्या कागदांसह द्यावी लागते, म्हणून पहिल्या टप्प्यावर तयार केलेली फाइल, वारस नोंदी होत जातील तशी, अद्ययावत ठेवावी.